कोटीपोटातल्या सिलिएटची जात कशी ठरवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पशुवैद्यक शाखेची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी म्हशीच्या कोटीपोटातला, म्हणजे रूमेन या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातला द्रव तपासते आहे. त्यात सिलिएट असतात, म्हणजे सिलिया या केसांसारख्या धाग्यांनी हालचाल करणारे एकपेशी जीव. एकाच स्लाइडवर तिला एन्टोडिनियम या सिलिएटचे तीन नमुने दिसतात: मागच्या टोकाला एक लांब काटा असलेला, काट्याऐवजी आखूड उंचवटे असलेला आणि मागून पूर्ण गुळगुळीत. जुन्या तक्त्यांशी ताडून तिने तिघांना तीन जातींची (स्पीशीजची) नावं लावली. मार्गदर्शकांचं म्हणणं, ‘18एस सीक्वेन्सिंग करून घ्या, वाद मिटेल.’ (18एस हे रायबोसोमच्या आरएनएचं जनुक. त्यातला डीएनएचा क्रम वाचून जीव ओळखतात.) शिवाय चौथा एक नमुना कुठल्याच चित्राशी जुळत नाही. तो नवी जाती म्हणून मांडता येईल का, असंही तिने विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. तीन नावं एवढ्यात लावू नका. 18एसने हा वाद मिटणार नाही, कदाचित वाढेल. चौथ्या नमुन्याबद्दल शेवटी बोलू. या सगळ्यामागे एकच गोष्ट आहे: या प्राण्यांत जाती एका पेशीवरून ठरत नाही, पेशींच्या गर्दीवरून ठरते. स्लाइडवरची सर्वांत देखणी पेशी शोधून तिचं चित्र पुस्तकातल्या चित्राशी जुळवायचं, ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

सुरुवात नमुन्यापासून करू, कारण अर्धी ओळख तिथेच बिघडते. हे सिलिएट ऑक्सिजनशिवाय, 39 अंशांच्या आसपास जगणारे. द्रव थंड झाला की एन्टोडिनियम तोंडाभोवतीच्या सिलियांचा पट्टा आत ओढून घेतं आणि पुढचं टोक बोथट दिसू लागतं. म्हणून जिवंत पेशी पाहायच्या तर थर्मासमधून आणलेला द्रव लगेच, कोमट स्लाइडवर. मोजमापासाठीचा भाग त्याच वेळी फॉर्मॅलिनमध्ये पक्का करायचा. रंगासकट हवा असेल तर मिथिल ग्रीन-फॉर्मॅलिन-सलाइन हे मिश्रण उत्तम. त्यात एक भाग फॉर्मॅलिनला नऊ भाग पाणी असतं, मीठ असतं आणि केंद्रकं हिरवी करणारा रंग असतो. मात्र फॉर्मॅलिनमधल्या पेशींतून चांगला डीएनए मिळण्याची आशा सोडा. त्यासाठी दुसरी बाटली, निव्वळ इथेनॉलची, पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. विद्यार्थी हे वर्षअखेरीस विचारतात, तोवर फॉर्मॅलिनच्या बाटल्यांनी कपाट भरलेलं असतं.

नमुना चारा घालण्याआधी घ्यावा. खाऊन फुगलेली पेशी रुंद दिसते, आणि पोटातले स्टार्चचे कण आयोडीनने निळे-काळे होऊन आतलं सगळं झाकून टाकतात. आयसोट्रिका आणि डॅसिट्रिका या अंगभर सिलिया असलेल्या सिलिएटांचा आणखी एक खोडसाळपणा आहे. जनावराने खाल्लं की साखरेच्या ओढीने ते कोटीपोटातल्या द्रवात येतात आणि नंतर शेजारच्या कप्प्याच्या, जाळीपोटाच्या भिंतीकडे जाऊन बसतात. म्हणजे एकाच म्हशीत सकाळी ते ‘आहेत’ आणि दुपारी ‘नाहीत’ असं निघू शकतं. मलमलीच्या चार पदरांतून गाळलं की मोठ्या पेशी चाऱ्याच्या तंतूंना चिकटून वर राहतात, हेही ध्यानात असू द्या. कत्तलखान्यातून नमुना आणत असाल तर जनावर किती तास उपाशी होतं, ते विचारून नोंदवा.

आता ओळखीचा क्रम. जीनसपर्यंत, म्हणजे जातीच्या वरच्या गटापर्यंत पोहोचायला दोनच गोष्टी पुरतात: सिलिया कुठे आहेत आणि पेशीला आधार देणाऱ्या, आयोडीनने तपकिरी होणाऱ्या स्केलेटल प्लेट किती आहेत. अंगभर सिलिया असतील तर आयसोट्रिका किंवा डॅसिट्रिका. डॅसिट्रिका लहान, आणि तिच्या सिलियांच्या रांगा अंगावरून तिरप्या, मळसूत्री जातात. आयसोट्रिकात तोंड जवळजवळ टोकाशी असेल तर प्रोस्टोमा, टोकापासून बरंच आत बाजूला असेल तर इन्टेस्टिनालिस. इथे विशेष वाद नाही.

अंगभर सिलिया नसून पट्टे असतील तर पट्टे मोजा. तोंडाशी एकच पट्टा आणि प्लेट नाही: एन्टोडिनियम. तोंडाचा एक आणि जवळपास त्याच पातळीवर पाठीचा दुसरा: डिप्लोडिनियमचा परिवार. पाठीचा पट्टा पुढच्या टोकापासून थोडा मागे सरकला आहे, अंग लांबट आहे आणि प्लेट तीन: एपिडिनियम. तोच पट्टा अंगाच्या मध्याशी जाऊन कमरपट्ट्यासारखा बराच भाग वेढतो: ऑफ्रायोस्कोलेक्स, आणि एकदा पाहिल्यावर तो विसरता येत नाही.

डिप्लोडिनियमच्या परिवारात मग प्लेट मोजायच्या. एकही नाही तर डिप्लोडिनियम. एक अरुंद प्लेट असेल तर युडिप्लोडिनियम किंवा एरेमोप्लास्ट्रॉन, आणि एक रुंद असेल तर ऑस्ट्रॅकोडिनियम. दोन असतील तर डिप्लोप्लास्ट्रॉन किंवा मेटाडिनियम, तीन असतील तर एनोप्लोप्लास्ट्रॉन, चार असतील तर एलिट्रोप्लास्ट्रॉन आणि पाच असतील तर पॉलिप्लास्ट्रॉन. सिलिएटमध्ये मोठं आणि लहान अशी दोन प्रकारची केंद्रकं असतात. युडिप्लोडिनियम मॅगाय या जातीचं मोठं केंद्रक पुढे आकड्यासारखं वळलेलं असतं, त्यावरून ते लांबूनही कळतं. ही विभागणी बरीचशी 1932 मध्ये कोफॉइड आणि मॅक्लेनन यांनी बसवली. त्याआधी 1927 च्या दोगिएलच्या मोठ्या ग्रंथात हे सगळे डिप्लोडिनियमचे उपगट होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की कोफॉइड-मॅक्लेनन यांच्या 1930 ते 1933 मधल्या तिन्ही निबंधांचा विषय बॉस इंडिकस, म्हणजे आपली वशिंडाची गाय होती. 1934 मध्ये कोफॉइड यांनीच क्रिस्टेन्सन यांच्यासह गव्याच्या पोटातल्या सिलिएटांवर लिहिलं. म्हणजे तुमच्या हातातल्या युरोपीय किंवा जपानी चित्रसंग्रहाच्या आधी हे निबंध उघडायला हवेत. आपल्या जनावरांतल्या कितीतरी रूपांची पहिली चित्रं तिथे आहेत.

इथे एक सावधगिरी. डिप्लोडिनियमने पाठीचा पट्टा आत ओढून घेतला की नवख्याला ते एन्टोडिनियमच वाटतं. सिलिया दिसत नसल्या तरी दोन पट्ट्यांच्या मधला उंचवटा, झाकणासारखा, जागेवरच असतो. फोकस वर-खाली करत तो शोधा. एन्टोडिनियमला तो नसतो. प्लेट बघताना आयोडीन पातळ घ्या, चहाच्या फिक्या रंगाइतकं. गडद घेतलंत तर सगळी पेशी तपकिरी होते आणि प्लेट मोजायला उरत नाहीत. प्लेटचा पदार्थ अमायलोपेक्टिनच्या जातकुळीतला असल्याने आधी तीच रंग घेते. स्लाइडच्या कडेने थेंब सोडून रंग चढताना पाहिलंत तर एकेक प्लेट मोजता येते.

आता काट्यांकडे वळू, कारण प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

एन्टोडिनियम कॉडेटम या जातीचं नेहमीचं चित्र म्हणजे मागे एक लांब काटा आणि दुसऱ्या बाजूला दोन आखूड उंचवटे. हीच जाती प्रयोगशाळेत वाढवली की पिढ्यांमागून पिढ्या काटा आखूड होत जातो आणि शेवटी गुळगुळीत पेशींची वसाहत तयार होते. सोव्हिएत संशोधक पोल्यान्स्की आणि स्ट्रेल्कोव्ह यांनी 1938 मध्येच या कुळातली बदलशीलता प्रयोगाने दाखवली होती. 1977 मध्ये कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचं एक कारणही दाखवलं. एन्टोडिनियम बर्सा नावाची मोठ्या तोंडाची जाती कॉडेटमला गिळून जगते. बिनकाट्याची कॉडेटम तिला सहज गिळता येते, काटेरी पेशी गिळणं जड जातं. दोघांना एकत्र वाढवलं की कॉडेटमच्या वसाहतीत काटेरी पेशींचा वरचष्मा होतो. म्हणजे तुमच्या म्हशीच्या पोटात बर्सा आहे की नाही, यावर तुमच्या कॉडेटमला काटा दिसणार की नाही हे बऱ्याच अंशी अवलंबून. मग काट्यावरून जाती ठरवणं म्हणजे शेजाऱ्यावरून माणसाचं आडनाव ठरवण्यासारखं झालं. तेव्हा तुमच्या स्लाइडवर बर्सा शोधा. ती अंगाने रुंद, आणि तिची तोंडाची पोकळी जवळपास अंगभर मागे गेलेली असते. अनेकदा आत गिळलेली कॉडेटमही दिसते.

दुसरं कारण पेशीविभाजनाचं आहे आणि ते प्रत्येक स्लाइडवर चालू असतं. हे सिलिएट आडवे विभागतात. पुढच्या अर्ध्या भागाला नवं मागचं टोक घडवावं लागतं, म्हणजे त्याचा काटा कोवळा, आखूड असतो. मागच्या अर्ध्या भागाकडे जुना, पूर्ण वाढलेला काटा राहतो, पण त्याला तोंड नव्याने करावं लागतं. दोन्ही मुली एकाच आईच्या, आणि तुम्ही त्यांना दोन जातींत टाकलंत. तुमच्या ‘आखूड उंचवट्यांच्या’ नमुन्यात अशा नुकत्याच सुटलेल्या पेशी किती आहेत ते तपासा. ज्या पेशीच्या मध्यावर सिलियांचा दुसरा पट्टा उगवताना दिसतो, किंवा जिचं मोठं केंद्रक नेहमीपेक्षा लांब ताणलेलं आहे, ती मोजमापातून बाद करा.

एपिडिनियम एकॉडेटमची गोष्ट तर जुनीच आहे. त्याला मागे शून्यापासून पाचपर्यंत काटे असू शकतात. 1914 मध्ये शार्प यांनी या सगळ्यांना एकाच जातीची रूपं मानून ‘फॉर्मा’ म्हणून नावं दिली. नंतरच्यांनी कधी त्यांना जाती केलं, कधी पुन्हा रूपं. माझं मत शार्पच्या बाजूने आहे. एकाच जनावरात, एकाच दिवशी शून्य, एक, दोन आणि तीन काट्यांचे एपिडिनियम मिळतात आणि केंद्रक, प्लेट, तोंड सगळं एकसारखं असतं. तिथे जातींची भिंत उभी करायला काही आधार लागतो, तो नाही.

काटे निरुपयोगी आहेत असं मात्र समजू नका. ऑफ्रायोस्कोलेक्समध्ये काट्यांची मांडणी, त्यांची वलयं, ओळखीला खरोखर मदत करतात. फक्त त्यांना शेवटी विचारा, आधी नाही.

मग एन्टोडिनियममध्ये आधी काय विचारायचं? मोठं केंद्रक. ते कुठून कुठवर जातं, जाडी किती, पाठीला समांतर आहे की तिरपं. ज्या बाजूला मोठं केंद्रक ती पाठ, हा नेहमीचा संकेत. पेशी कुठल्या बाजूने दिसते आहे हे त्याशिवाय कळणार नाही, आणि उलटी पडलेली पेशी सुलट समजून काढलेली चित्रं प्रबंधांत कमी नाहीत. गुळगुळीत पेशींत केंद्रक जवळपास अंगाच्या लांबीइतकं असेल तर लॉन्जिन्युक्लिएटमचा विचार करा. पेशी अगदी लहान, लांबट असेल तर नॅनेलमचा. या दोन्हींत बसत नसेल आणि केंद्रकाची ठेवण तुमच्या काटेरी पेशींसारखीच असेल, तर ती बिनकाट्याची कॉडेटम असण्याची शक्यता सर्वांत मोठी. त्यानंतर आकुंचन पावणाऱ्या पोकळीची जागा, तोंडाच्या पोकळीची लांबी आणि वळण, मग लांबी-रुंदीचं गुणोत्तर.

मोजमाप प्रत्येक रूपाच्या किमान 20 ते 30 पेशींचं घ्या, आणि पेशी निवडू नका. स्लाइडवर एका ओळीने जात जे समोर येईल ते मोजा. शरीराची लांबी काट्याशिवाय धरायची, काटा स्वतंत्र रकान्यात. हे न पाळल्यामुळे दोन शोधनिबंधांतले आकडे जुळत नाहीत असं वारंवार होतं. मग काट्याची लांबी आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढा. तुमची तीन रूपं तीन वेगळ्या ढिगांत पडली आणि केंद्रकाची मापंही त्यांच्याबरोबर वेगळी पडली, तर वेगळ्या जातींचा विचार करायला जागा आहे. गुळगुळीतपासून लांब काट्यापर्यंत सलग रांग लागली तर एकच जाती. माझा अंदाज दुसऱ्या शक्यतेचा, म्हणजे एकच जाती निघण्याचा आहे, पण आलेख तुमचा.

प्रबंधासाठी नाही, पण शोधनिबंधासाठी चांदीचं रंजन, म्हणजे चांदीच्या क्षाराने पेशी रंगवणं, लागेल. पिरिडीन घातलेल्या सिल्व्हर कार्बोनेटने सिलियांच्या मुळांची रचना काळी उठून दिसते. जपानमधले इतो आणि इमाई यांनी या पद्धतीने तोंडातल्या पट्ट्यांची मांडणी जीनसनुसार कशी बदलते ते दाखवलं. रंजन लहरी आहे. तापवण्यात काही सेकंद इकडे-तिकडे झाले की सगळी पेशी काळी पडते. पण प्लेट आणि काटे यांच्यापेक्षा ही रचना कितीतरी स्थिर आहे, म्हणून खटाटोप वाया जात नाही.

आता मार्गदर्शकांच्या सूचनेबद्दल. प्राण्यांत जाती ओळखायला कॉक्स-1 हे मायटोकाँड्रियातलं जनुक वापरतात. पॅरामीशियम, टेट्राहायमेना यांसारख्या ऑक्सिजनवर जगणाऱ्या सिलिएटांतही ते चालतं. इथे चालत नाही, कारण कोटीपोटातल्या या सिलिएटांत नेहमीच्या मायटोकाँड्रियाची जागा हायड्रोजन सोडणाऱ्या हायड्रोजिनोसोमने घेतली आहे. श्वसनसाखळीचा ऑक्सिजन वापरणारा टप्पाच उरला नाही, तर त्याचं जनुक कुठून मिळणार? झुरळाच्या आतड्यातल्या निक्टोथेरस ओव्हॅलिसमध्ये हायड्रोजिनोसोमच्या आत डीएनए आहे हे 1998 मध्ये सिद्ध झालं. 2005 मध्ये त्यातली जनुकं वाचली गेली, तिथेही साखळीचा फक्त सुरुवातीचा भाग होता. म्हणजे जाती वेगळ्या काढायला जे सर्वांत धारदार साधन, तेच या सगळ्या मंडळींत हातचं गेलेलं आहे.

उरतं 18एस. ते सावकाश बदलतं. एन्टोडिनियम आणि एपिडिनियम वेगळे आहेत हे ते चोख सांगतं, पण एन्टोडिनियमच्या दोन जवळच्या जातींत फरक इतका कमी की तो एकाच पेशीतल्या प्रतींमधल्या फरकांशी आणि पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीच्या चुकांशी मिसळून जातो. सिलिएटच्या मोठ्या केंद्रकात या जनुकाच्या असंख्य प्रती असतात हे विसरू नका. 18एसवरून काढलेल्या वंशवृक्षांत डिप्लोडिनियम आणि त्याच्या प्लेटवाल्या नातेवाइकांच्या फांद्याही स्वच्छ वेगळ्या पडत नाहीत. त्यात द्रवाचा सरसकट डीएनए काढून छोट्या तुकड्याचं सीक्वेन्सिंग करणार असाल, तर जीनसच्या पुढचं नाव लावूच नका, सॉफ्टवेअरने दिलं तरी. सॉफ्टवेअर सांगतं ते डेटाबेसमधलं नाव, आणि तिथलं नाव कुणीतरी कधीतरी काटा पाहूनच लावलेलं असतं.

करायचंच असेल तर पेशी एकेक उचला. बारीक ओढलेल्या काचेच्या नळीने एक पेशी घ्या, स्वच्छ द्रावणात तीन-चारदा धुवा, दोन बाजूंनी फोटो काढा, मग ती एका नळीत टाका. 18एसच्या जोडीला त्याच्या शेजारचे डीएनएचे तुकडे, म्हणजे आयटीएस आणि 28एसचा सुरुवातीचा भाग घ्या, ते थोडे जलद बदलतात. काटेरी पाच, आखूड पाच, गुळगुळीत पाच अशा पेशी केल्यात तरी शंभर नमुन्यांच्या सरसकट सीक्वेन्सिंगपेक्षा तुमच्या प्रश्नाला जास्त उत्तर मिळेल. एकेका पेशीपासून पूर्ण जीनोम मिळवण्याचं कामही आता होऊ लागलं आहे. 2022 मध्ये कोटीपोटातल्या सिलिएटांचे असे 52 जीनोम प्रसिद्ध झाले. पुढच्या काळात जातींच्या सीमा त्यातून बऱ्याच सरकतील असं मला वाटतं.

तलावाच्या काळ्या गाळात ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या मेटोपस या सिलिएटला हेच लागू पडतं का, असं कुणी विचारेल. बहुतेक पडतं, लक्षणं वेगळी. तिथे काट्यांची जागा शरीराचा पीळ घेतो. एकच मेटोपस भुकेला असताना सडपातळ आणि जास्त पिळलेला, खाऊन आल्यावर गुबगुबीत दिसतो. जुन्या जर्मन साहित्यात त्यावरून नावांचा सुकाळ झाला. नंतर 1995 मध्ये एस्तेबान, फेन्चेल आणि फिनले यांनी बरीच नावं एकत्र केली. अलीकडच्या चांदीचं रंजन आणि सीक्वेन्स यांच्या कामाने त्यातली काही पुन्हा वेगळी काढली. तिथे शरीरावरच्या सिलियांच्या रांगांची संख्या, तोंडाशेजारच्या पट्ट्यांची संख्या आणि पुढच्या घुमटाकाठच्या पाच रांगांची लांबी मोजतात. पेशीत मिथेन करणारे जीवाणुसदृश आर्किया निळसर-हिरवे चमकतात, ते फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर दिसतात. पण ते आहेत की नाहीत यावर जाती ठरवायला जाऊ नका.

राहिला चौथा नमुना. त्याच्या किती पेशी मिळाल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. एक-दोन असतील तर विषय तिथेच संपतो. फोटो ठेवा, पुढे चला. भरपूर असतील तर आधी विभाजनाची अवस्था, खाऊन फुगलेली पेशी आणि फॉर्मॅलिनने आकसलेली पेशी या तिन्ही शक्यता बाद करा, मग त्याच म्हशीचा आणि कळपातल्या इतरांचा नमुना पुन्हा घ्या. हे सिलिएट कोष करत नाहीत. लाळेतून, एकाच गव्हाणीतून, एका जनावरातून दुसऱ्यात जातात, म्हणून खरी वेगळी जाती सहसा एकाच म्हशीत अडकून राहत नाही. आणि नवं रूप सापडलं म्हणून ‘फॉर्मा अमुकतमुक’ असं लॅटिन नाव देऊ नका. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत 1960 नंतर ‘फॉर्मा’ म्हणून दिलेल्या नव्या नावांना मान्यता नाही. 

तोवर तुमच्या तक्त्यात ‘एन्टोडिनियम कॉडेटम’ ही एकच ओळ असू द्या. तिच्याखाली काटेरी, आखूड आणि गुळगुळीत पेशींचे शेकडा प्रमाण तीन रकान्यांत द्या, आणि शेजारी चौथ्या रकान्यात बर्सा आढळली की नाही ते लिहा. लॉन्जिन्युक्लिएटम आणि नॅनेलम केंद्रकावरून आणि मापावरून वेगळे निघाले तर त्यांच्या स्वतंत्र ओळी. बाकी उरलेल्या गुळगुळीत पेशींना ‘एन्टोडिनियम, जाती अनिश्चित’ लिहायला लाजू नका. परीक्षकाने त्यावर विचारलं, तर त्याच्यासमोर काट्याच्या लांबीचा आलेख ठेवा.